बाई, चाक वाढलं!



गेल्या वेळी आपण परिघाचं गणित केलं होतं, आठवतं ना? ताट, डब्याचं झाकण, आईची बांगडी, जे हाताला लागेल त्याला दोरी गुंडाळली आणि व्यास गुणिले २२/७ बरोबर परीघ हे पडताळून पाहिलं. त्याच परिघाने पुढे माझी कशी फजिती केली, ते आज सांगते. डी.एड.ला असताना मी ‘मापन’ या घटकावर पाठ घेतला होता. टाचण सुबक होतं, शाबासकीही मिळाली होती. त्यामुळे मोजमापात आपण चुकणार नाही असा माझा मोठा समज होता, बरं का!

आमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत. ओढ्यापलीकडच्या वाडीतून सहावी-सातवीची नऊ मुलं रोज चालत येतात. पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहायला लागलं की त्यांचा दिवस बुडतो. महाराष्ट्राच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे (हे नियम २०११ सालचे) पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत. त्याहून लांब राहणाऱ्या मुलांच्या येण्याजाण्याच्या सोयीसाठी अर्ज करता येतो. अर्ज लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. वाडी ते शाळा अंतर किती?

वाडीतली माणसं म्हणाली, “साडेतीन तरी असंल.” गावातली म्हणाली, “कसलं साडेतीन! अडीचच्या वर नाही.” मोबाइलमधल्या नकाशात पाहिलं, तर त्यातला रस्ता ओढ्याशी येऊन संपलेला. एका पालकांनी मोटारसायकल नेऊन पाहिली. मीटरवर शेवटचा आकडा फिरता फिरता बरोबर २.९ आणि ३.० च्या मध्ये लोंबकळत राहिला. शाळेतली टेप पंधरा मीटरची, ती लावत तीन किलोमीटर जायचं म्हणजे दोनशे वेळा खाली वाकायचं. मग मलाच युक्ती सुचली. सायकलचं चाक एका फेरीत किती पुढे जातं ते मोजायचं, फेऱ्या मोजायच्या, आणि गुणाकार करायचा. सोपं आहे की नाही?

त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सायकल उभी केली. नेहमीचीच काळी सायकल, टायरवर २८ × १½ असं माप छापलेलं. पुढच्या टायरवर खडूने रेघ मारली, तिच्याखाली फरशीवर दुसरी रेघ. मी सीटवर बसले, दोन मुलांनी ढकललं. टायरवरची रेघ फिरून पुन्हा खाली आली तिथे खूण केली. अंतर भरलं २ मीटर १९ सेंटिमीटर. वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीतला एक मुलगा तीच सायकल घेऊन वाडीतून निघाला. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल रिबीन बांधली होती. शेजारून दुसऱ्या सायकलवर एक जण रिबीन मोजत होता. शंभर झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. तेरा चिंचोके आणि वर ५८, म्हणजे १३५८ फेऱ्या.

फळ्यावर गुणाकार केला. १३५८ गुणिले २.१९ बरोबर २९७४ मीटर.

तीन किलोमीटरला २६ मीटर कमी! वाडीच्या मुलांचे चेहरे पाहवेनात. “आपण काय, जे आलं ते लिहायचं,” असं म्हणून मी फळा पुसला. पण मनातून वाईट वाटलंच.

मधल्या सुट्टीत पोरं त्याच सायकलशी खेळत होती. आदल्या दिवशीचा प्रयोग ज्यांनी पाहिला नव्हता, त्यांना तो करून दाखवणं चाललं होतं. सहावीतली एक मुलगी (वाडीचीच, ‘माझं नाव छापू नका’ म्हणाली म्हणून लिहीत नाही) धावत आली आणि ओरडली, “बाई, चाक वाढलं!”

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि वर म्हणाले, “रातोरात वाढायला ती काय काकडी आहे? नीट मोज जा.” ती गेली, आणि पुन्हा आली. “बाई, तीनदा मोजलं. आता तुम्हीच या.” गेले. सायकल ज्याने सकाळी चालवली तोच मुलगा सीटवर बसला होता. फरशीवर माझी कालची रेघ अजून पुसली नव्हती. टायरवरची खूण तिच्या तीन सेंटिमीटर पुढे जाऊन टेकली. २ मीटर २२ सेंटिमीटर.

आता सांगा पाहू, काल आणि आज यांत काय बदललं होतं? सायकल तीच, टायर तोच, फरशी तीच, टेपही तीच.

माझ्याही आधी त्या मुलीनेच ओळखलं. सकाळी निघण्याआधी त्या पोराने चौकातल्या सायकलवाल्या मामांकडे पुढच्या चाकात हवा भरून घेतली होती. आणि काल सीटवर मी होते, आज सातवीतला हडकुळा पोरगा. (माझं वजन विचारू नका. त्याचं ३२ किलो आहे, एवढंच सांगते.)

चाक वाढलं नव्हतं असंही म्हणता येत नाही, आणि वाढलं होतं असंही म्हणता येत नाही. त्यासाठी टायर जमिनीवर कसा बसतो ते जरा खाली वाकून पाहू या.

ताट किंवा बांगडी जमिनीवर उभी केली तर ती एका बिंदूवर टेकते. टायर तसा टेकत नाही. तो खाली चपटा होतो, त्याला तळवा येतो, आपल्या पावलासारखा. तळवा किती मोठा, याचा हिशेब मजेदार आहे. समजा पुढच्या चाकावर २० किलो वजन आलं, आणि आत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो आहे. तर ते वजन पेलायला साधारण ७ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. लांबट गोळीच्या पाकिटाएवढी. हवा कमी होऊन दाब १ किलोवर आला, तर तेच वजन पेलायला २० चौरस सेंटिमीटर लागतात. मग टायर आणखी चपटा होतो, त्याचं पोट दोन्ही बाजूंना बाहेर येतं आणि चाकाचा आस जमिनीच्या जवळ येतो. आस खाली आला, म्हणजे ज्या त्रिज्येवर चाक गडगडतं ती त्रिज्या कमी झाली. त्रिज्या कमी, तर एका फेरीत कापलेलं अंतरही कमी. वजन वाढवलं तरी तेच, हवा कमी केली तरी तेच. माझ्या बाबतीत दोन्ही एकदम झालं होतं!

मग आम्ही दुपारचे दोन तास यातच घालवले. (मराठीचा तास गेला, तो शनिवारी भरून काढला.) सायकल उलटी ठेवली आणि टायरला मधोमध दोरी गुंडाळली. हवा भरपूर असताना २ मीटर २४ सेंटिमीटर. हवा सोडून टायर नुसता आकार धरून राहील इतकाच ठेवला, तर २ मीटर २३. म्हणजे हवेने टायर खरोखरच ताणला जातो, पण जेमतेम. पुन्हा हवा भरून, हडकुळ्या पोराला बसवून ढकलला, तर २ मीटर २२. हवा काढून मला बसवलं, तर आले आमचे जुने २ मीटर १९.

एकाच टायरची ही चार मापं. यातलं खरं कुठलं? सगळीच खरी. पण अंतर ज्या हवेने आणि ज्या वजनाने मोजलं, त्याच हवेने आणि त्याच वजनाने चाक मोजायला हवं होतं. दोरीचं माप घेतलं असतं तर उलटी फसगत झाली असती. १३५८ गुणिले २.२४ म्हणजे ३०४१ मीटरच्या वर. दोरीच्या मापात ओझं नसतं ना!

आणखी एक चूक मी केली होती, तीही सांगून टाकते. मी फक्त एकच फेरी मोजली होती. खडूची रेघ अर्धा सेंटिमीटर जाड. एका फेरीत अर्धा सेंटिमीटर चुकला, तर १३५८ फेऱ्यांत पावणेसात मीटर चुकतात! म्हणून मैदानावर त्याच मुलाला बसवून सलग दहा फेऱ्या मोजल्या. २२ मीटर २० सेंटिमीटर. आता दहा फेऱ्यांत मिळून अर्धा सेंटिमीटर चूक, म्हणजे एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरची. नवा गुणाकार तुम्हीच करा. १३५८ गुणिले २.२२.

आलं ना ३०१४ मीटरच्या वर? तीन किलोमीटर आणि चौदा मीटर.

वर्गात टाळ्या पडल्या. पण मला आता वेगळीच धास्ती वाटायला लागली. काल नको असलेलं उत्तर आलं तेव्हा आपण मुकाट्याने फळा पुसला. आज हवं ते उत्तर आलं म्हणून लगेच अर्जात लिहायचं? कुणी विचारलं, की बाई, तुमचं चाक सोयीप्रमाणे वाढतं का, तर काय सांगू? मग गावातल्या एका गवंड्यांकडून ५० मीटरची टेप मागून आणली. रविवारी सकाळी आम्ही चौदा जण, वाडीच्या शेवटच्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या कडेने टेप लावत आलो. साठ वेळा पूर्ण टेप, आणि वर ९ मीटर. ३००९ मीटर. सायकलपेक्षा पाचेक मीटर कमी. ते पाच मीटर कुठे गेले ते त्या हडकुळ्या पोरानेच कबूल केलं, “बाई, खड्डे चुकवत आलो, थोडं डावं-उजवं झालं.” अर्जावर आम्ही टेपचा आकडा लिहिला, खाली सायकलचा, आणि दोन्ही कसे मोजले तेही लिहिलं. अर्ज गेला आहे.

आता सायकलवाल्या मामांकडे चला. ही सगळी हकिकत सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, “बाई, हे तर काहीच नाही. नवा टायर चढवल्यावर बघा. पहिल्या दिवशी रिंगवर चढवताना बोटं मोडायची पाळी येते. महिन्याने काढला तर तोच टायर सुरळीत निघतो. आणि काही काही टायर तर नवे असताना मडगार्डला लागत नाहीत, मागाहून फुगून लागतात.”

मामांचं खरं आहे. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. रबराच्या आत नायलॉनसारख्या धाग्यांचे थर असतात, जुन्या सायकलच्या फाटलेल्या टायरमधून त्यांचे दोरे लोंबताना तुम्ही पाहिले असतील. हवेचा दाब रबर पेलत नाही, हे धागेच पेलतात. रबर त्यांना फक्त जागेवर धरून ठेवतं. हवा भरली की धागे थोडे लगेच ताणले जातात आणि मग आणखी थोडे हळूहळू, तासन्‌तास. म्हणूनच टायरची मापं तपासण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत असं सांगितलेलं आहे की टायर रिमवर चढवून ठरलेल्या दाबाने हवा भरायची, निदान २४ तास तसाच ठेवायचा, दाब पुन्हा ठरल्याइतका करायचा, आणि मगच माप घ्यायचं. पाहिलंत? मी व्हरांड्यात पाच मिनिटांत उरकलं, ते तिथे एक दिवस थांबून करतात.

घरी करून पाहायचं असेल तर एक फुगा घ्या. न फुगवलेल्या फुग्याची लांबी मोजा. मग तो चांगला फुगवून, तोंड बांधून, रात्रभर ठेवा. सकाळी हवा सोडून पुन्हा मोजा. तो पहिल्याएवढा लहान होत नाही, ढिला आणि लांब राहतो. पायजम्याच्या इलॅस्टिकचंही हेच होतं, हे आईला विचारा! टायरमध्ये ही वाढ फुग्याच्या मानाने फारच थोडी असते, आणि ती टायर कसा विणला आहे त्यावर ठरते. ज्या टायरमध्ये धागे तिरके, एकमेकांवरून गेलेले असतात, ते वापरात जास्त वाढतात. सायकलचे आणि पूर्वीच्या ट्रकचे टायर असे. आता मोटारींना बहुतेक रेडियल टायर असतात. त्यांत नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा गोल फिरवलेला असतो. तो कंबरपट्ट्यासारखा टायरला आवळून धरतो, म्हणून रेडियल फारसा वाढत नाही.

नायलॉनची एक खोड मला फार आवडते. ते तापलं की आक्रसतं. टायर साच्यातून गरमागरम बाहेर येतो, तेव्हा तसाच सोडला तर आतले धागे ओढून घेतात आणि टायर लहान होतो. म्हणून कारखान्यात नायलॉनचे टायर साच्यातून काढल्याबरोबर त्यांत हवा भरतात आणि निवेपर्यंत फुगवूनच ठेवतात. कपडे धुतल्यावर आटू नयेत म्हणून ताणून वाळत घालावेत, तसंच.

हे वाचून आजोबा म्हणतील, “आमच्या बैलगाडीच्या चाकाला कुठे हवा होती? ते तर बदलत नव्हतं ना!” आजोबांना धाव चढवण्याची आठवण करून द्या. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते ती धाव. लोहार ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान बनवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचा. लोखंड तापलं की वाढतं. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं तर सव्वा मिलिमीटरच्या जवळपास लांब होतं. चार मीटरची धाव ४०० अंश तापवली, तर जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढली की! तेवढ्यात ती चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाण्याच्या घागरी ओतायच्या. चर्रर्र आवाज होतो, वाफेचे लोट उठतात, धाव आक्रसते, आणि आरे, तुंबा सगळं करकचून एकत्र आवळलं जातं. एका खिळ्याचीही गरज नाही. म्हणजे आजोबांच्या चाकाचाही टायर वाढत होता आणि लहान होत होता!

आता मोठ्या गाड्यांकडे येऊ. घरी किंवा शेजारी मोटार असेल तर टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचा. समजा १६५/८० आर १४ असं लिहिलं आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रिमपासून वरची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास, पण तो इंचांत! (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! माझ्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी एकक चुकलं म्हणून लाल रेघ ओढली असती.) १४ इंच म्हणजे साधारण ३५६ मिलिमीटर. त्यात वरचे १३२ आणि खालचे १३२ मिळवा. ६२० मिलिमीटर व्यास झाला. परीघ १ मीटर ९५ सेंटिमीटरच्या आसपास.

पण हा झाला नव्या, ओझं नसलेल्या टायरचा हिशेब. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. ती झिजून २ मिलिमीटर उरली, तर त्रिज्या ६ मिलिमीटरने, व्यास १२ मिलिमीटरने, आणि परीघ पावणेचार सेंटिमीटरने कमी झाला. जवळजवळ दोन टक्के. गाडीचं मीटर बिचारं फक्त फेऱ्या मोजतं, त्याला टायर झिजल्याचं काय माहीत! त्यामुळे झिजलेल्या टायरवर १०० किलोमीटरचा प्रवास मीटरवर १०२ च्या जवळ दिसतो. आमच्या त्या मोटारसायकलवाल्या पालकांनाही हे सांगितलं. त्यांच्या टायरला तर पार टक्कल पडलेलं आहे. पालकहो, मोटारीच्या टायरच्या खाचांमध्ये मुद्दाम ठेवलेले छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा.

आमच्या सहावीतल्या मुलीने जे खडूने शोधलं, त्यावर आता मोटारीही चालतात, हे ऐकून ती खूश झाली. चाकात हवा कमी झाली की ते बाकीच्या तीन चाकांपेक्षा किंचित जास्त फेऱ्या घेतं. ब्रेकसाठी प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजणारं यंत्र आजच्या गाड्यांत असतंच. काही गाड्या त्याच यंत्राचा उपयोग करून चालकासमोर पिवळा दिवा लावतात, की बाबा रे, एका चाकाची हवा पाहा. (काहींत दाब मोजणारं यंत्र थेट चाकातच बसवलेलं असतं, ते वेगळं.)

ट्रकच्या मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं जोडून असतात, ती पाहिली आहेत ना? ती एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. त्यांतलं एक दुसऱ्यापेक्षा लहान असलं, झिजल्याने म्हणा किंवा हवा कमी असल्याने म्हणा, तर काय होईल? दोघांना फेऱ्या तर सारख्याच घ्याव्या लागतात. एक मीटरहून थोडा मोठा टायर धरा. जोडीतला एक टायर फक्त एक सेंटिमीटर व्यासाने लहान असला, तर एका फेरीत तो ३.१४ सेंटिमीटर मागे राहतो. एका किलोमीटरला अशा तीनशेवर फेऱ्या होतात, म्हणजे साडेनऊ मीटर अंतर फरफटत, घासत काटावं लागतं. पुण्याहून नाशिकला २१० किलोमीटर जाईपर्यंत जवळजवळ दोन किलोमीटर नुसतं घासणं! शिवाय मोठा टायर बहुतेक ओझं आपल्या अंगावर घेतो आणि तापतो. हवा फार कमी असेल तर दोघांची पोटं एकमेकांना घासतात, तेही वाईट. ढाब्यावर गाडी थांबली की ड्रायव्हरकाका लोखंडी दांड्याने टायर ठोकत एक फेरी मारतात, ते यासाठी. कडक टायर टणकन वाजतो, मऊ टायर भद्द वाजतो.

कमी हवेचा टायर का फुटतो, हा प्रश्न एका मुलाने विचारला. त्याला वाटत होतं, जास्त हवेनेच फुटत असेल. एखादी तार घ्या आणि एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहा. मग त्या जागी बोट लावून पाहा, पण जपून, चटका बसतो. मऊ टायरची बाजू प्रत्येक फेरीत अशीच वाकते आणि सरळ होते. गाडी ताशी ८० किलोमीटरने जाताना आपल्या त्या मोटारीचं चाक सेकंदाला अकरा फेऱ्या घेतं. म्हणजे सेकंदाला अकरा वेळा वाकणं! तापून तापून रबर आणि धागे एकमेकांना सोडतात. लांबच्या प्रवासाआधी, निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासा असं सांगतात ते म्हणूनच. थंडच का? तर हवा तापली की दाब वाढतो. ३० पौंड हवा असलेला टायर दहा अंशांनी तापला तर दीड-दोन पौंड जास्त दाखवतो. ते जास्त दिसलं म्हणून कुणी हवा सोडली, तर गाडी थंड झाल्यावर टायर मऊ पडलेला.

आणि वेगाने चाक खरंच वाढतं का? वाढतं! दोरीला दगड बांधून गरागरा फिरवला तर दोरी हाताला ओढते, तसा फिरणाऱ्या टायरचा प्रत्येक कण बाहेर ओढला जातो. सरळ रेषेतल्या शर्यतीच्या गाड्यांचे मऊ, रुंद टायर सुटताना बसके असतात आणि वेग घेतल्यावर उंच आणि अरुंद होतात, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात अँडी ग्रीन यांनी ‘थ्रस्ट एसएससी’ ही गाडी ताशी १२२८ किलोमीटरने नेली, आवाजाहूनही वेगात. तिच्या चाकांवर रबर नव्हतंच! भरीव ॲल्युमिनियमची चाकं होती. त्या वेगाला रबराच्या चिंध्या झाल्या असत्या.

तर आता तुमचं काम. सायकलची पुढची खूण तुम्ही करा, आणि मोठ्या माणसाला शेजारी उभं करा. सपाट जागा हवी, रहदारीचा रस्ता मुळीच नको, आणि चाक फिरत असताना तारांमध्ये बोट घालायचं नाही. हवा भरण्याआधी दहा फेऱ्या मोजा, भरल्यावर दहा फेऱ्या मोजा, दोन्ही वेळा बसणारा एकच असू द्या. मग हवा तीच ठेवून बसणारा बदला. टायरवर छापलेलं माप, बसणाऱ्याचं वजन आणि सगळे आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आकडे विचित्र आले तरी पुसू नका, तसेच पाठवा. आमच्या वर्गात भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर पहिली ओळ २ मीटर २२ सेंटिमीटर अशी आहे आणि तिच्या पुढे त्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, “हवा भरलेली, बाई बसलेल्या नाहीत.”